पॉइंट टू-टू अजून का सुटत नाही

क्लीव्हलंड, ओहायो
रविवार, संध्याकाळ

ती. बाबांना व सौ. आईला,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर, पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर मोजून गोळ्या मिळतात ही नातीची तक्रार सांगता सांगता तुम्ही मलाच टोमणा मारलात. “ती तरी पोर आहे. तू कशाला अजून फटाके उडवायला जातोस? दुकानात माल नाही, आला तर दामदुप्पट, आणि तरी स्वारी रेंजवर हजर!” फोनवर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मुद्दा माझ्या बाजूला झुकला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून माझ्या पॉइंट टू-टू रायफलीच्या नेमबाजीवर हे पत्र. नातबाईसाहेबांना सांगा, मोठ्या टायपात छापून द्यायला.

तुमचा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेला. १८६९ सालचा तो कारखाना, त्याच्या भोंग्यावर आपल्या घरातला चहा उकळायचा. तेव्हा काडतूस म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावं, हा आगाऊपणा होईल. पण आई हे पत्र ऐकणार आहे, तिच्यासाठी थोडं लिहितो. तुम्ही डोळे मिटून बसा.

आई, मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. पॉइंट टू-टूला, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाडीच्या गोळीच्या काडतुसाला, ती टोपीच नसते. पितळेची पुंगळी अगदी पातळ, आणि तिच्या बुडाची कड बाहेर दुमडलेली. ठिणगीचा मसाला ओलसर असतानाच आत टाकतात आणि पुंगळी वेगाने फिरवतात. ताकाचं भांडं गरगर फिरवलं की ताक कडेला चढतं, तसा तो मसाला दुमडीत जाऊन बसतो. पिन मग त्या कडेवर कुठेही आपटली तरी चालते. ही युक्ती १८५७ सालापासून बाजारात आहे, आणि आज सगळीकडे चालणारं ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७ चं. शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. एवढ्या वर्षांत बंदुकांचं जग उलटंपालटं झालं, हे चिमुकलं काडतूस मात्र जवळपास तसंच राहिलं.

बाबा, आता डोळे उघडा. टंचाई आली की लवकर सरत नाही, त्याचं मूळ त्या पातळ कडेतच आहे. इथे पुष्कळ लोक गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरतात. वापरलेली पुंगळी उचलायची, नवी टोपी ठोकायची, दारू मोजून ओतायची, गोळी दाबायची. बाजारात माल नसला तरी त्यांचं अडत नाही. टू-टूची कड मात्र एकदा चेपली की संपली, ती पुंगळी मोडीतच जाते. म्हणजे शेवटची गोळी सुटेपर्यंत आम्ही कारखान्याच्या दारात. कारखाने तरी किती? आयडाहोत सीसीआय, मिनेसोटात फेडरल, आर्कान्सात रेमिंग्टन, मिसिसिपीत विंचेस्टर, शेजारच्या मेक्सिकोत आगिला, आणि युरोपातले चार-दोन. त्यातले सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टन तर २०२४ पासून एकाच चेक उद्योगसमूहाच्या मालकीचे आहेत. ह्या काडतुसाची यंत्रं दुसऱ्या कामाला लावता येत नाहीत. त्यामुळे मागणी दुप्पट झाली म्हणून सहसा कोणी नवी लाइन टाकत नाही, कारण दोन वर्षांनी घबराट ओसरली की त्या लाइनीचं करायचं काय? तुम्ही मॅनेजर असतात तर तुम्हीही टाकली नसतीत.

घबराट म्हणालो, कारण खरं कारण तेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. आई, तू टीव्हीवर बघून रडली होतीस. त्यानंतर कायदे कडक होणार अशी हवा उठली आणि लोकांनी दुकानं धुऊन नेली. त्या गुन्ह्याशी टू-टूच्या काडतुसांचा संबंध असो-नसो, ती सगळ्यात आधी संपली, आणि संपली ती दोन-तीन वर्षं धड दिसलीच नाहीत. पुन्हा २०२० मध्ये तेच. महामारी, रस्त्यावरची अशांतता, पहिल्यांदाच बंदूक घेणारे लाखो लोक, आणि त्यातच १८१६ पासूनची रेमिंग्टन कंपनी जुलैमध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. पहाटे मालाचा ट्रक यायच्या वेळी निवृत्त मंडळी दुकानाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसायची. माणशी मोजक्याच डब्या मिळायच्या. त्यातले निम्मे लोक त्याच डब्या संध्याकाळपर्यंत दुप्पट भावाने विकायचे. कारखान्यांवर माझा राग नाही, ह्या साठेबाजांवर आहे. तळघरात दहा जन्म पुरेल एवढा माल रचून ठेवायचा आणि वर टंचाईची बोंब मारायची! आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत अशी माणसं असायची, तुम्हाला आठवत असतील.

आणि हे मला लिहिलंच पाहिजे, की त्या रांगेतली भीती वेगळी आणि आमचा रविवारचा खेळ वेगळा असं मी म्हणतो खरा, पण दोघांची काडतुसं एकाच यंत्रातून पडतात. इथे राहून ह्या गोष्टीकडे काणाडोळा करता येत नाही. तुमच्या सुनेशी ह्यावरून माझा वाद होतो आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

आता भाव. २०१२ च्या आधी पाचशे काडतुसांचं साधं खोकं वीस डॉलरच्या आसपास मिळायचं. घबराटीत तेच पन्नासच्या पुढे गेलं. आता थोडं उतरलंय, पण जुन्या भावाला परत येणार नाही. पितळ, शिसं, दारू, मजुरी, सगळंच चढलं आहे. स्पर्धेचं काडतूस, म्हणजे बर्मिंगहॅमच्या एली कंपनीचं टेनेक्स, पन्नासच्या डबीला वीस डॉलरच्याही वर. मी सोमवार ते शुक्रवार जे खातो त्यापेक्षा ती डबी महाग पडते, असं तुमची सून म्हणते.

तरीसुद्धा जातो. एक कारण तुम्ही हिशेबी माणूस म्हणून लगेच मान्य कराल: महाग झालं तरी दारूच्या काडतुसांत हेच सगळ्यात स्वस्त. कित्येक मोठ्या रायफलींची एकेक गोळी डॉलरच्या पुढे असते. पण एवढंच कारण असतं तर लोकांनी केव्हाच सोडून दिलं असतं. माझ्या डोळ्यांदेखत ज्यांनी सोडलं ते हेच लोक होते, स्वस्त म्हणून येणारे. दुपारभरात पाचशे गोळ्या रिकाम्या डब्यांवर उधळायच्या, हसायचं, घरी जायचं. टंचाई आली आणि ते गेले. रेंज शांत झाली. जे राहिले त्यांच्याकडे बघून मला कळलं की ह्या खेळाची गोडी गोळ्यांच्या संख्येत नव्हतीच.

टू-टूला धक्का जवळपास नसतो, आवाज थोडा. ह्याचा फायदा असा की बिघडलेल्या नेमाचं खापर फोडायला दुसरं काही उरत नाही. मोठी रायफल खांद्यात गुद्दा मारते, तेव्हा आपण दचकलो की नळी हलली हे समजतच नाही. इथे सगळं उघडं पडतं. गोळीही सावकाश जाते. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, कारण उडता उडता तो वेग ओलांडून खाली येताना गोळी डगमगते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा जवळपास सहावा भाग लागतो. चाप ओढल्यावर लगेच मान वर केली, की कागदावर चुगली झालीच. वारा म्हणाल, तर ताशी दहा मैलांची आडवी झुळूक पन्नास यार्डांत गोळीला इंचभर सरकवते. ऑलिम्पिकच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर. करा हिशेब.

इथून तासा-दीड तासावर ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा भरतात. त्यातली मला आवडते ती साध्या टू-टू रायफलींची. रायफल साडेसात पौंडांच्या आतली हवी, अंतरं पंचवीस आणि पन्नास यार्ड, झोपून, बसून आणि उभ्याने, संथ आणि जलद. सगळ्या मिळून साठ गोळ्या आणि सहाशे गुण. शेजारच्या जागेवर आजोबा आणि नात एकच रायफल आलटून पालटून वापरताना दिसतात. नात जिंकते, आजोबा सरोवरावरच्या वाऱ्याला शिव्या घालतात. साठ गोळ्या म्हणजे एक डबी आणि वर दहा. टंचाईच्या वर्षातही एवढ्या कोणाकडेही निघतात. खेळ बंद पडायला हवा होता तो नेमका ह्यामुळे पडला नाही.

माझी स्वतःची रायफल जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली, सीझेड कंपनीची. ती घ्यायलाही ग्रीन कार्ड होईपर्यंत थांबलो. कामाच्या व्हिसावरच्या माणसाला इथला कायदा शिकारीचा परवाना वगैरे सवलत नसेल तर बंदूकही घेऊ देत नाही आणि काडतूसही. अमेरिकेत बंदुका कोणालाही मिळतात असं कोपऱ्यावरचे काका सांगतात ना, त्यांना हे वाचून दाखवा.

आता नातीकडे. दहा मीटरची एअर रायफल सोडून ती पन्नास मीटरकडे वळली, आणि बालेवाडीत रोज मोजून गोळ्या मिळतात म्हणून रुसली आहे. छर्रे हवे तेवढे झाडायची सवय लागली की हे जाचतंच. चांगली काडतुसं बाहेरून येतात, परवाना आणि कोटा आहे, तिच्या हातात काही नाही. पण तिला सांगा, स्वप्नील कुसाळे ह्याच बालेवाडीत तयार झाला. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर म्हणजे नीलिंग, झोपून म्हणजे प्रोन, उभ्याने म्हणजे स्टँडिंग) फायनलला ४५१.४ गुण करून कांस्य आणलं, आणि १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनमध्ये जगज्जेती झाली ती ह्याच टू-टूने. आणि तुमच्या नातीची स्पर्धाही आता लहान झाली आहे. टोकियोला तिन्ही पोझिशन मिळून १२० गोळ्या होत्या, पॅरिसला ६०. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, प्रत्येकी वीस.

तिने मला विचारलंय, “काका, येताना बॅगेत चार डब्या टाक ना.” अजिबात नाही. परवान्याशिवाय एक काडतूस जरी बॅगेत निघालं तरी मी लोहगावहून घरी न येता पोलीस ठाण्यात जाईन, आणि बाबा तुम्ही जामिनाला याल की भाषण द्यायला याल, मला खात्री नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी सांगा. डबीवर लॉट नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहून ठेवायचा आणि त्यापुढे ग्रुप, म्हणजे टार्गेटच्या कागदावरच्या भोकांचा पुंजका, चिकटवायचा. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल असतो, पण एक लॉट तिच्या नळीला मानवतो आणि दुसरा नाही. मोठे नेमबाज बर्मिंगहॅमला किंवा जर्मनीत शोनेबेकला जाऊन आपल्या नळीला कोणता लॉट चालतो ते तपासतात आणि तोच साठवतात. टंचाईत खरा फटका बसतो तो इथे: गोळ्या मिळतात, पण मानवलेला लॉट पुन्हा मिळत नाही. म्हणून चांगला लॉट स्पर्धेला, उरलेला सरावाला. दुसरं, थंडीत गोळीवरचा मेणासारखा थर कडक होतो आणि ग्रुप पसरतो. पुण्याची थंडी इथल्यासारखी नाही, पण डिसेंबरातल्या सकाळी बालेवाडीच्या मोकळ्या मैदानात कानटोपी लागतेच, तेव्हा डबी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायची.

तिसरं ड्राय प्रॅक्टिस. गोळी न घालता नेम, श्वास, चाप. जेवढ्या गोळ्या मिळतात त्याच्या कितीतरी पट हे करावं लागतं आणि ह्याला कोटा नाही. पण टू-टूची पिन रिकाम्या नळीत सोडायची नाही. मधे काडतुसाची कड नसली तर पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, कडेवर आपटते, तिथे खाच पडते, आणि मग पुंगळ्या अडकायला लागतात. प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घालायचं, किंवा तिच्या रायफलीला ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर ती वापरायची. रेंजची रायफल असेल तर आधी कोचना विचारायचं. हे तिला तुम्हीच दाखवा बाबा, काडतुसाची कड म्हणजे काय ते तुमच्याइतकं चांगलं तिला कोण सांगणार? आणि रिकामी असली तरी नळी भिंतीकडे, आईच्या देवघराकडे नाही.

इथे सगळे ठीक. ही तुम्हाला नमस्कार सांगते. आईने पाठवलेलं मेतकूट संपत आलंय, दादा डिसेंबरात येणार असेल तर त्याच्याबरोबर द्या.

तुमचा,
धाकटा