पाहुणीच्या सामानाची चोरी आणि पोलीस ठाणे

महोदय,
ताडोबा-पेंचला एकट्या जाणाऱ्या मुली हल्ली नागपुरात कुणाच्या घरी पैसे देऊन उतरतात. माझी भाची अशीच उतरली. ती आंघोळीला गेली तेवढ्यात सॅकच्या आतल्या कप्प्यातले पैसे आणि कानातले गेले. सॅकची चेन मात्र जशीच्या तशी लावलेली! घरमालकीण म्हणाल्या, "आमच्याकडे असं होतच नाही जी." ठाण्यात तर तिला सांगितलं, तुमच्या गावी जाऊन तक्रार द्या. हे साफ चुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, घरातल्या चोरीसारखा दखलपात्र गुन्हा नोंदवावाच लागतो, नोंदीची प्रतही मोफत द्यावी लागते. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस आयुक्तांनी सर्व ठाण्यांना हे बजावावं. आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्यांनी खोलीत निदान कुलपाचं कपाट तरी द्यावं.

– एक वाचक, नागपूर