वाकोल्यातली महापालिकेची जागा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "शनिवारी जातोस त्या संस्थेत करतात तरी काय?" बाबांनी तेव्हा टीव्हीचा आवाज कमी केला, ते मला इकडे कळलं. म्हणून दोघांनाही लिहितोय.

ती संस्था म्हणजे समलिंगी माणसांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट. तो 1994 मध्ये सुरू झाला. अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी तो उभा केला. कवी पत्रकार. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी ऐंशीच्या दशकातच जाहीर सांगितलं आणि 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं. तेव्हा आमच्यासारख्यांना भेटायला जागा कुठल्या, तर स्टेशन, बागा, समुद्रकिनारा. कुणी पकडलं की खिसा रिकामा करायचा, वर घरी कळवायची धमकी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. या संस्थेला जागा मिळाली ती महापालिकेच्या इमारतीत, सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात. तुमची सगळी नोकरी मालमत्ता खात्यात गेली. एका खोलीसाठी बालवाडीवाल्या बायका किती हेलपाटे घालायच्या, ते तुम्हीच जेवताना सांगायचात. आणि इथे कायदा ज्यांना गुन्हेगार म्हणत होता, त्यांना जागा मिळाली! कारण होतं एड्स. मुंबईत एचआयव्ही पसरत होता आणि लपून जगणाऱ्या माणसांपर्यंत सरकारी यंत्रणेला पोचता येत नव्हतं. काही जण म्हणतात, जागा मिळाली ती रोगाच्या धास्तीने, त्यात आपुलकी कसली? मला हे पुरतं पटत नाही. धास्ती सगळ्यांनाच होती, तरी त्या फाईलवर कुणीतरी होकाराचा शेरा मारलाच ना? तो अधिकारी कोण, मला माहीत नाही. त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. तो तुमच्या बरोबरीचा कुणी असेल, कदाचित तुमच्या ओळखीचाही.

एकदा दार उघडल्यावर माणसं फक्त तपासणीला थोडीच येणार? समुपदेशन होतं, शुक्रवारच्या बैठका होत्या. लग्नासाठी घरून चाललेला तगादा, एकटेपण, पोलिसांचा त्रास, सगळं तिथे बोललं जायचं. उजेडात, खुर्चीवर बसून, भीती न बाळगता. माझ्या मते खरं काम ते होतं.

पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये आमच्या बाजूने निकाल दिला, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयाने पुन्हा आमच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. संस्थेचं काम या सगळ्यात चालूच राहिलं.

आई, मी तिथे नव्याने येणाऱ्या मुलांशी बोलतो. कायद्याचं फार कुणी विचारत नाही. "घरी कसं सांगू?" हेच बहुतेक विचारतात. तुम्ही मला घराबाहेर काढलं नाहीत, हे मी त्यांना सांगतो. मी घरी सांगितल्यापासून बाबा माझ्याशी फारसे बोलत नाहीत, हेही सांगतो.

मुंबईत आमच्यासारख्यांच्या आई-वडिलांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे. तिथे सगळे तुमच्याच वयाचे, तुमच्याच काळज्या घेऊन आलेले. एकदा त्यांना भेटाल का? मी चिपळूणला येऊन तुम्हाला घेऊन जाईन. विचार करून फोन करा. आणि बाबा, या वेळी तुम्ही स्वतः बोला, हो असो की नाही.

तुमचा,
मंदार