सोल्डरच्या नळीबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आपल्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक अवजारांच्या कार्यशाळेत, मी पहिल्यांदा आले त्या संध्याकाळचे आभार मानायचे राहून गेले होते. ते इतरांनीही वाचावेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझ्या डाव्या हाताला जन्मतः बोटे नाहीत आणि त्याचे मनगटही वाकत नाही. सोल्डरिंग, म्हणजे सोल्डर हा मऊ धातू वितळवून सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडणे, हे तर दोन हातांचे काम: एका हातात तापलेले आयर्न, दुसऱ्यात सोल्डरची तार, आणि बोर्डावरचा धातूचा ठिपका (पॅड) व सुट्या भागाचा पाय दोन्ही तापताच तार नेमकी तिथे टेकवायची, जरा चुकले की ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा. शेजारचे दोघे लगेच म्हणाले, ‘द्या, आम्ही करून देतो.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. आपण मात्र आयर्नला हात न लावता विचारलेत, ‘नेमके कुठे अडते?’

मग आपण बोर्ड व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडलात, पेनच्या रिकाम्या रिफिलमधून तार ओवलीत आणि ती नळी माझ्या डाव्या हाताला पट्ट्याने बांधलीत. पहिली नळी आयर्नला लागून वितळली (तो वास अजून आठवतो). दुसऱ्या वेळी मीच तार दोन इंच बाहेर ठेवायला सांगितले आणि पहिला सांधा चकचकीत बसला.

याआधी मला एका उपक्रमात थ्री-डी प्रिंटरवर बनवलेला हात भेट मिळाला होता. मनगट वाकवले की दोऱ्या ताणून त्याची बोटे मिटतात. माझे मनगट वाकते का, हे कोणी विचारलेच नव्हते. तो हात कपाटात आहे. अशा हाताचा आराखडा 2013 साली सर्वांसाठी खुला करणाऱ्या दोघांपैकी दक्षिण आफ्रिकेतील सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांची स्वतःचीच बोटे 2011 साली कामात तुटली होती. ज्याची अडचण तोच कारागीर, ही त्या कामाची सुरुवात. पुढे अनेक ठिकाणी, माझ्या मते, अशा हातांचे नुसते वाटप झाले.

आपण नळीचे रेखाचित्र माझ्याकडूनच काढून घेतलेत आणि मेकरस्पेसच्या खुल्या आराखड्यांत माझ्या नावाने ठेवलेत. गेल्या आठवड्यात हात थरथरणाऱ्या एका गृहस्थांनी त्यात बदल करून पट्ट्याऐवजी जड ठोकळा वापरला आहे. त्यांचे रेखाचित्र सोबत जोडले आहे. ठोकळ्याची उंची मला थोडी जास्त वाटते, आपण एकदा पाहावी.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी