पोटात राहिलेली नळी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी मराठवाड्यात रिक्षा चालवतो. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत घातलेल्या नळीच्या दोन्ही टोकांवर खडा चढला आहे. ही नळी, म्हणजे डीजे स्टेंट, उन्हाळ्यात बसवली होती. ती फार तर तीन महिन्यांत काढायची असते. आता दिवाळी होऊन गेली.

मूतखडा अडकून पू झाला होता, हुडहुडी भरून ताप येत होता. रातोरात नळी टाकली म्हणून जगलो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. ताप उतरला की दुर्बिणीतून लेसरने खडा फोडायचा आणि नळी काढायची, असं ठरलं होतं, तेही सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतीराव फुले योजनेतून. ठरल्या वेळी गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, "योजनेचे पेशंट बंद केलेत, सरकारकडे बिलं थकलीत. रोख साठ हजार भरा." योजनेच्या पेशंटला मदत करायला दवाखान्यात बसतो त्या आरोग्यमित्राचं टेबलही तिथं नव्हतं. भांडण त्यांचं आणि तुमच्या खात्याचं, नळी मात्र माझ्या पोटात.

सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकाराचा डॉक्टर, नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं तारखेवर तारीख.

साहेब, ही नळी आत असली की काय होतं ते ऐका. लघवी करताना कळ खालून वर कमरेत चढते. अर्ध्या तासाला जावंसं वाटतं, म्हणून लांबचं भाडं घेता येत नाही. रिक्षा खड्ड्यात आदळली की लघवी लाल होते. बायको विचारते तेव्हा मी "बरं आहे" म्हणतो. आता रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, एका दुर्बिणीत भागणार नाही. पाठीतून भोक पाडून खडा काढावा लागेल, मूत्रपिंड किती वाचेल ते नंतर कळेल. वेळेत झालं असतं तर एका दुर्बिणीत भागलं असतं हो!

२०२३ च्या जुलैत शासन निर्णय निघाला, या योजनेतलं दीड लाखाचं संरक्षण पाच लाख झालं. चौकाचौकात फ्लेक्स लागले. दवाखान्याने दार लावल्यावर त्या पाच लाखांचं मी काय करू? अर्धा उपचार झालेला पेशंट बाहेर काढता येणार नाही, एवढं दवाखान्यांकडून पाळून घ्यायला तुमचे हात कोणी धरलेत?

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातली तशी ती पहिली शस्त्रक्रिया, आणि ती सरकारी दवाखान्यात झाली होती. आज माझ्या बहिणीला पित्ताचे खडे आहेत तर तिला खासगीत जा म्हणतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी २०२० पर्यंत अंदाजपत्रकातले आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर घालावेत. महाराष्ट्र अजून त्याच्या खूप खाली आहे. रस्त्यांना पैसा आहे, पुतळ्यांना आहे, जाहिरातींना आहे. डॉक्टरांच्या जागा भरायच्या म्हटलं की फाईल फिरते. सरकार कोणाचंही असो, आम्ही रांगेतच. दवाखाने चालवणं सोडून तुम्ही सगळ्यांनी मिळून विम्याची कार्डं वाटली.

माझं नुकसान झालं ते झालं. पण योजनेतून ज्याला ज्याला नळी बसवली त्याची नोंद तुमच्या संगणकात आहे, कारण त्याशिवाय बिलच निघत नाही. ती यादी काढा. ज्यांची काढल्याची नोंद नाही त्यांना फोन करा, जवळच्या दवाखान्यात बोलवा आणि या महिन्यात नळ्या काढा. अनेकांना आपल्या पोटात नळी आहे हेच माहीत नसेल. कळ थांबली म्हणून ते उसाच्या फडावर गेले असतील. त्यांच्यापर्यंत पोहोचा. मला उत्तर नाही पाठवलं तरी चालेल.

आपला,
एक रिक्षाचालक