निघायच्या आधी हवा बघ

अमरावती,
२० एप्रिल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात तू मुलांना घेऊन गाडीने येणार, हे आईने सांगितलं. ऐकून बरं वाटलं, पण तेव्हापासून माझं लक्ष तुझ्या गाडीच्या टायरांकडे लागलंय. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, रस्ता सरळ आहे आणि आपल्याकडचं ऊन तुला ठाऊकच आहे. टायरात हवा कमी असेल तर ती तिथेच बाधते.

एसटीच्या वर्कशॉपात इतकी वर्षं काढली. हवा कमी असताना पळवलेलं टायर रिमवरून उतरवलं की आतून काळी भुकटी पडायची, काजळीसारखी. मुठीत मावेल एवढी. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते, उठते, तापते आणि आतल्या आत झिजत जाते. बाहेरून टायर नव्यासारखं दिसतं. म्हणून नुसत्या नजरेवर किंवा लाथ मारून बघण्यावर जाऊ नकोस.

किती हवा, ते ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तुझ्यासारख्या सेडानला बहुधा ३२-३३ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, पण आपल्या गाडीचा आकडा तू स्वतः वाच. पुढचा-मागचा वेगळा असू शकतो. गाडी भरलेली असताना कधीकधी मागे जास्त लागते. तुम्ही चौघं आणि डिकीभर सामान, तेव्हा तोही रकाना बघ. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा भरायचा नाही, ती टायरची कमाल मर्यादा आहे.

हे सगळं सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करायचं. पंप घरापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असेल तर चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी वाटेत कुठे थांबलात आणि हवा मोजली, तर ३३ ची ३७-३८ दिसेल. घाबरू नकोस. पळून तापलेल्या टायरात चार-पाच पॉइंट वाढतातच, स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. कुणी म्हणेल, "ताई, सिमेंटचा रस्ता आहे, थोडी काढून टाकतो." काढू द्यायची नाही. तीच हवा दुसऱ्या दिवशी सकाळी २८ भरेल आणि तशीच गाडी पळवलीस की वर सांगितलेली भुकटी सुरू. मी स्वतः एकदा तळेगावजवळ असंच कुणाचं तरी ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर मागचं डावं टायर फुटलं. तू तेव्हा मागच्या सीटवर झोपली होतीस, सहा वर्षांची. गाडी कडेला लागली, कुणाला काही झालं नाही. पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

नायट्रोजन भरलास तरी मोजणं सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघ, बुडबुडा आला तर पिन बदलून घे. टोपणं चारही हवीत. स्टेपनी विसरू नकोस, तिची हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

एक गेज पार्सलने पाठवलंय, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव. निघायच्या सकाळी मोज आणि पाचही आकडे मला फोनवर सांग. कितीही लवकर असलं तरी मी जागा असेन.

तुझे
बाबा