फिबिखच्या तबकड्या

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबतच्या खोक्यात चेक संगीतकार झ्देन्येक फिबिखचा ऑपेरा आहे, 'मेसिनाची नवरी'. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा वाद्यवृंद, संचालक फ्रान्तिशेक यीलेक, कंपनी सुप्राफोन. इझाबेलाच्या भूमिकेत लिबुशे मारोव्हा, तिच्या मुलांच्या भूमिकांत वात्स्लाव झीतेक आणि इवो झीदेक, बेआत्रिचे गाब्रिएला बेन्याच्कोव्हा. असा संच पुन्हा हाती लागणं कठीण, म्हणून जपून हाताळा.

कथा जर्मन नाटककार शिलरच्या नाटकावरची. एकमेकांचे वैरी असलेले दोघे भाऊ एकाच मुलीवर जीव लावतात आणि ती निघते त्यांचीच लपवून वाढवलेली बहीण, बेआत्रिचे. पहिला प्रयोग २८ मार्च १८८४ ला झाला. जाणकारांनी वाखाणला, पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली. बाहेर पडताना गुणगुणावं असं सुटं गाणंच त्यात नाही. संहिता लिहिणारे ओताकार होस्तिन्स्की चेक भाषेच्या आघातांचे अभ्यासक. चेक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो, आणि फिबिखने स्वरांची चाल त्या आघाताच्या मागे नेली. रंग भरायचं काम वाद्यवृंदाकडे. आई, तू समेची वाट बघू नकोस, इझाबेलाचे शब्द कसे सुटतात तेवढं ऐक. माझ्या मते मारोव्हाइतकी ही भूमिका कुणी तोलून धरणं अवघड आहे. आधी तिसऱ्या अंकातलं शोकसंचलन लावा, मग पहिल्यापासून सुरुवात करा.

बाबा, आता तुमचं काम. सगळी मजा शब्दांतल्या व्यंजनांत आहे, आणि धूळ आधी तीच खाते. तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर फडकं. खाचेच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल भिजू देऊ नका, मग तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळवा. ओली लावलीत तर खाचेतला मळ चिकट होऊन सुईला बसतो. हे द्रावण घरातल्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या, अल्कोहोलने विरघळतात.

सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) कागदावर दिलाय तितकाच ठेवा, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. कमी भार म्हणजे तबकडी सुरक्षित, असं नाही. हलकी सुई मोठ्या आवाजात उडते आणि खाचेची भिंत ओरबाडते. बाजूच्या शेवटी, लेबलजवळ, 'स' आणि 'श' फुटल्यासारखे वाटले तर आधी सुई साफ आहे का आणि कार्ट्रिज सरळ बसलंय का ते बघा. आत खाचेचा वेग कमी होतो, म्हणून तिथली चूक लगेच ऐकू येते. घुमल्यासारखा आवाज आला तर अर्थिंगची तार तपासा.

तबकड्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेताना टर्नटेबल थेट जोडू नका, आवाज पिचका येईल. तबकडी कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करतात, ते पूर्ववत करायला फोनो प्रीअॅम्प लागतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा, तासाला साधारण २ जीबी जागा जाईल. पातळी समूहगानाच्या सगळ्यात मोठ्या जागेवर जुळवा, शिखर −६ डेसिबलच्या वर नको. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधलं नॉइज रिडक्शन (खरखर काढण्याची सोय) वापरू नका. ते खरखरीबरोबर शब्दांच्या कडाही खातं. मोठे टिचके हाताने, एकेक करून काढा. बाजू बदलल्याची जागा सोडून ट्रॅक तोडू नका, संगीत सलग आहे.

फाइल दोन ठिकाणी ठेवा. पावसाळ्यात खोकं भिंतीला लावून नको, पुठ्ठ्याला बुरशी धरते. तबकड्या उभ्याच ठेवा, उन्हापासून लांब.

पहिला अंक झाला की फाइल पाठवा, लेबलजवळचा भाग मी इथे ऐकून बघते.

तुमची,
लेक