गृहमंत्री साहेब, माणूस उचलला की पावती द्या

मा. गृहमंत्री साहेब,
नमस्कार.

आमच्या आईकडे खताच्या दुकानातली एक जाड प्लास्टिकची पिशवी आहे आणि तिच्यात नुसत्या पावत्या आहेत. आठवडी बाजारात शेळी घेतली त्याची, माझ्या मोबाईलची, भावाच्या सेकंडहँड गाडीचे पेपर, बहिणीच्या पैंजणांचं सोनाराने दिलेलं चिठोरं सुद्धा. आम्ही फासेपारधी. आमच्या घरात वस्तू दिसली की ती चोरीचीच असं पोलीस धरून चालतात, म्हणून आई एक दिवस शाळेत गेलेली नसली तरी कुठला कागद कशाचा ते तिला रंगावरून कळतं.

आजूबाजूला कुठे घरफोडी झाली की रात्री वस्तीवर गाडी येणार हे आता सगळ्यांना पाठ आहे, पोरं आधीच उसात झोपायला जातात आणि मग पोलीस म्हणतात, बघा पळाले म्हणजे यांनीच केलं. घरात सापडलो तरी चोरच. मागच्या वर्षी भावाला नेलं, "चौकशीला बोलावलंय" एवढंच सांगून. आई दोन दिवस ठाण्याबाहेर बसून होती, विचारलं तर ठाणे अंमलदार म्हणे असा कोणी आणलाच नाही, आणि तिला दारातून त्याची चप्पल दिसत होती! तिसऱ्या दिवशी खरा चोर दुसरीकडे सापडला तेव्हा सोडलं. अजून त्याला डाव्या हाताने भरलेली कळशी उचलवत नाही.

ही सवय कुठली ते तुम्हाला माहीत असणार. इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्माला आला की गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे आमच्यासारख्यांना कोंडून ठेवायच्या वसाहतीला, तारेचं कुंपण होतं, रोजची हजेरी होती. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो, पण 1959 ला इथे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यात जातीचं नाव नाही एवढंच, ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यात यादी तीच. (चोर दुसऱ्या कुठल्या जातीचा असला की बातमीत नुसता "आरोपी", आमचा असला की "पारधी टोळी जेरबंद".)

3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये हे पोलिसांनी बघावं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत परभणीत वडार या विमुक्त समाजातला, वकिली शिकणारा मुलगा न्यायालयीन कोठडीत मेला, पोलिसांवर एफआयआर करा हे सांगायला हायकोर्ट लागलं आणि तुमचं सरकार त्या आदेशाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हरलं. का गेलं होतं साहेब?

अटकेसाठी कायद्यात सगळं आहे. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा कागद, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, आणि 24 तासांत कोर्ट तर आधीपासून घटनेतच. म्हणून तर अटक दाखवतच नाहीत, "चौकशी" म्हणतात, तिला प्रत्यक्षात ना कागद ना घड्याळ. 2020 मध्ये कोर्टाने प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितले, आम्ही फुटेज मागायला गेलो तर नेमका तेव्हाच कॅमेरा बंद होता.

तर मागणी एकच. अटक असो नाहीतर चौकशी, ठाण्याच्या दारातून माणूस आत गेला की घरच्यांच्या हातात कागद पडला पाहिजे, त्यावर त्याचं नाव, आत नेल्याची वेळ, आणणाऱ्याचा बक्कल नंबर आणि कशासाठी आणलं ते. शेळी विकणारा देतो तेवढी पावती. नाही दिली तर त्या अंमलदारावर कारवाई, आणि ती बघायला त्याच ठाण्याचा साहेब नको, बाहेरचा माणूस पाहिजे.

आपला,
वस्तीवरचा पहिला ग्रॅज्युएट

ता.क. नाव-गाव मुद्दाम लिहिलं नाही. सध्या उसाला पाणी चालू आहे, तिथे झोपता येत नाही.